शिक्षकांचाच नेम

परीक्षा घेणारांचीच परीक्षा एकदा पाहावयास मिळावी, अशी इच्छा आपणांपैकी कोणास झाली नसेल? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘प्रोजेक्ट ॲपलसीड’ नावाचा एक उपक्रम 2006 सालापासून चालू आहे. त्यात स्वयंसेवक शिक्षक सामान्य स्त्रीपुरुषांस रायफलीचा नेम धरावयास शिकवितात, आणि 19 एप्रिल 1775 रोजी लेक्सिंग्टन व काँकर्ड येथे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धास कसा आरंभ झाला, ती हकीकतही सांगतात. लाल टोपी ही शिक्षकाची खूण होय. परंतु हे शिक्षक आपसांत खेळीमेळीने चढाओढ लावतात, तेव्हा टोपीचा काही उपयोग होत नाही. कागदावरील भोकेच मोजली जातात.

कागद अवघ्या 25 मीटरांवर असतो. पण त्यावरील आकृत्या इतक्या लहान काढलेल्या असतात की, नेमबाजास त्या 100 ते 400 यार्डांवरील लक्ष्यांसारख्या भासतात. गोळ्या चाळीस. पहिल्या दहा उभ्याने, पुढील दहा बसून किंवा गुडघा टेकून, उरलेल्या पालथे पडून. शेवटच्या दहांचे गुण दुप्पट धरून एकंदर 250 होतात. 210 मिळविणारास ‘रायफलमन’ म्हणतात. नवख्यास 209 मिळाले तर शाबासकी मिळते. लाल टोपीवाल्यास तेवढेच मिळाले तर त्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

चूक केवढी असली म्हणजे नेम चुकतो? येथे आपले गणित कामास येते. बंदुकीच्या नळीच्या टोकावरील माशी आणि डोळ्याजवळचे दृष्टिछिद्र यांत 60 सेंटिमीटर अंतर धरा. माशी छिद्राच्या मध्यापासून एकच मिलिमीटर ढळली, तर 25 मीटरांवर गोळी सुमारे 42 मिलिमीटर बाजूस जाते. 400 यार्डांवर तीच चूक 60 सेंटिमीटरांहून मोठी होते. म्हणूनच नेमबाज आपली दृष्टी लक्ष्यावर नव्हे, तर माशीवर स्थिर करतो. अर्जुनास पक्ष्याच्या डोळ्यावाचून काही दिसत नव्हते, ही कथा आपण जाणतोच. येथे नेमका उलट प्रकार! मनुष्याचा डोळा जवळचे व दूरचे एकाच वेळी स्पष्ट पाहू शकत नाही, तेव्हा लक्ष्य थोडे अंधुक दिसले तरी चालते, माशी अंधुक दिसून चालत नाही.

दुसरे शरीराचे. नेम धरून डोळे मिटावे, एक श्वास घेऊन सोडावा व डोळे उघडावे. माशी बाजूस सरकलेली दिसली, तर हाताच्या जोराने बंदूक ओढून आणू नये. सबंध शरीरच किंचित वळवावे. ओढून आणलेला नेम स्नायू थकताच पुन्हा सरकतो. श्वास चालू असताना गोळ्या झाडल्या तर भोके एकाखाली एक, उभ्या ओळीत पडतात. यास्तव उच्छ्वासानंतरच्या स्वाभाविक विरामात चाप हळूहळू दाबावयाचा असतो.

हे सर्व लाल टोपीवाल्यास तोंडपाठ असते. तथापि उभ्याने झाडावयाच्या दहा गोळ्यांस दोनच मिनिटे मिळतात, बंदूक डुलू लागते, आणि आपणच शेकडो वेळा सांगितलेला नियम बोटास आठवत नाही. चाप हिसक्याने ओढला जातो. खरा शिक्षक ओळखू येतो तो यानंतर. गोळी सुटली त्या क्षणी माशी कोठे होती हे त्याने पाहून ठेविलेले असते, कागद जवळून पाहण्यापूर्वीच तो सांगून टाकतो, “खाली, उजवीकडे.” मग सर्व बंदुका रिकाम्या करून खाली ठेविल्याची खात्री होते, आणि मंडळी ते भोक पाहावयास निघतात.