फिरकीवरचा गुलाबी डाग

अगं, कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्यात ना? फोटोत केस पुढे ओढलेस तरी ताईला दिसतं हो. इमिटेशनच्या झुमक्यांवरचं सोन्याचं पाणी उडालं की खालचं निकेल घामात उतरतं. त्याची ॲलर्जी असली की झालीच खाज सुरू.

आता बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलीयस, तर दुकानदाराच्या ‘निकेल-फ्री’वर विसंबू नकोस. मॅडमना विचार आणि लॅबमध्येच निकेलची परीक्षा कर. फिल्टर पेपरच्या बोटभर पट्टीवर डायमिथिलग्लायॉक्झिमचा एक थेंब, वर पातळ अमोनियाचा एक. ओली पट्टी झुमक्याच्या फिरकीवर अर्धा मिनिट घास. गुलाबी डाग उमटला तर निकेल! चुगायेव या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये हे दाखवलं. पुढे व्हिएन्नाच्या फ्रिट्झ फाइगलने अशा थेंबांच्या परीक्षांचं शास्त्रच उभं केलं.

आमच्या वेळचं सॉल्ट ॲनालिसिस आठवलं तरी नाक दाबावंसं वाटतं. सडक्या अंड्यांचा वास, टेस्ट ट्यूबभर द्रावणं, आणि शेवटी सगळं बेसिनमध्ये. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब होतात. तुझं काम दोनात भागतं. पट्टीवर मेणाने रिंगण आखून ते जरा गरम केलंस, की मेण कागदात मुरतं आणि थेंब रिंगणाबाहेर पसरत नाही.

आणि अशी परीक्षा काही फार परकी नाही गं. लोखंडी विळीवर चिरलेला आवळा काळा पडतो, तीही लोखंडाची परीक्षाच. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाला भेटतं, एवढंच.

आता माझी फजिती ऐक, कुणाला सांगू नकोस. काकूंच्या पैंजणावर घासलेल्या पट्टीवर तांबूस डाग बघून मी ‘निकेल, निकेल!’ म्हणून घर डोक्यावर घेतलं. निघालं लोखंड! तेही या द्रावणाने लालसर होतं. तेव्हापासून मी शेजारी दोन पट्ट्या ठेवते: एक कोरी, दुसरीवर निकेल सल्फेटचा थेंब. रंग ताडून बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही. तूही उघडू नकोस. डाग नाही आला, तरी निकेल नाहीच असं छातीठोक म्हणू नकोस. फार थोडं असलं तर डोळ्याला दिसत नाही.

वापरलेल्या पट्ट्या वेगळ्या बाटलीत टाक, हात धू. तोवर कान मोकळे ठेव. एखाद्या लग्नात कुणी विचारलंच, तर सांग, झुमक्यांचा रिपोर्ट यायचाय.