कोर्दोबा पायी पायी : खिशाला किती खार?

स्पेनच्या सहलींत कोर्दोबा बहुधा भर दुपारी दोन-तीन तासांत उरकतात. बसमधून उतरा, तिकीट काढा, जेवा, चला सेव्हियाला. नेमकी हीच वेळ गर्दीची, उन्हाची आणि पूर्ण तिकिटाची. एक रात्र मुक्काम करून सकाळी लवकर बाहेर पडलात, तर हेच शहर कमी तिकीट-खर्चात आणि निवांत पाहून होतं. हिशेबासाठी एक युरो म्हणजे ढोबळ मानाने शंभर रुपये धरा. दर अधूनमधून वाढतात, त्यामुळे निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळ पाहून घ्या.

पोहोचायचं कसं? माद्रिदहून वेगवान रेल्वेने पावणेदोन तास. तिकिटांचं गणित विमानासारखं, तारीख जवळ येईल तसे दर चढतात. म्हणून आधीच काढून ठेवा. स्टेशनपासून जुन्या शहरापर्यंत चालत साधारण 25 मिनिटं लागतात. सामान कमी असेल तर टॅक्सीची गरज नाही.

मेझकिता : 13 युरो किंवा शून्य. इ.स. 785 मध्ये पहिल्या अब्द अल-रहमानने बांधायला घेतलेली ही मशीद. आत साडेआठशेच्या वर खांब आणि त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुमजली कमानी. 1236 मध्ये शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं आणि सोळाव्या शतकात मशिदीच्या ऐन मध्यावर कॅथेड्रल उभं राहिलं. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळेत एकेकट्या प्रवाशांना प्रवेश मोफत असतो, गटांना नाही. हा तास प्रार्थनेआधीचा, त्यामुळे शांतता पाळावी लागते आणि वेळ संपताच बाहेर पडावं लागतं. तासाभरात भागणार नसेल, तर तिकीट काढून दहा वाजता जावं. घंटामनोऱ्याचं तिकीट वेगळं. संत्र्याच्या झाडांच्या अंगणात मात्र फुकट बसता येतं.

नदीकडे : शून्य. मेझकिताच्या पाठीमागेच ग्वादालकिविर नदीवरचा रोमन पूल. मूळ बांधणी दोन हजार वर्षांपूर्वीची, नंतर अनेकदा डागडुजी झालेली. आता तो फक्त पादचाऱ्यांसाठी आहे. पलीकडच्या काठावरून मागे वळून पाहा. शहराचा सगळ्यात चांगला फोटो तिथूनच मिळतो.

अल्काझार : साधारण 5 युरो. चौदाव्या शतकातला हा राजवाडा. कोलंबसने राणी इसाबेला आणि राजा फर्नांदोची भेट घेतली ती इथेच. बागा आणि पाण्याचे हौद यांतच तिकीट वसूल होतं.

यहुदी वस्ती : जवळपास शून्य. पांढऱ्या भिंतींच्या अरुंद गल्ल्या, वळणावर तत्त्वज्ञ मायमोनिडीजचा पुतळा आणि 1315 मधलं छोटंसं सिनेगॉग. स्पेनमध्ये मध्ययुगातली अशी मोजकीच सिनेगॉग उरली आहेत. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घरोघरची फुलांनी सजलेली अंगणं पाहुण्यांसाठी खुली होतात, तीही मोफत. पण त्या दिवसांत हॉटेलं महागतात, हेही ध्यानात असू द्या.

पोटोबा : 12 ते 16 युरो. आठवड्याच्या दिवसांत दुपारी ‘मेनू देल दिया’ मागा, म्हणजे ठरावीक दरातलं पूर्ण जेवण. शाकाहाऱ्यांसाठी मध घातलेली तळलेली वांगी उत्तम. साल्मोरेखो हे टोमॅटो-पावाचं थंड सार, पण त्यावर हॅम आणि अंडं भुरभुरतात. ‘सिन हामोन, सिन वेवो’ असं आधीच सांगा. बाटलीऐवजी ‘आग्वा देल ग्रिफो’ म्हणजे नळाचं पाणी मागा. ते मोफत देणं उपाहारगृहांना कायद्यानेच बंधनकारक आहे.

इथे सावध राहा

- मेझकिताजवळ कुणी रोझमेरीची काडी हातात ठेवली तर घेऊ नका. मागोमाग पैशांची मागणी येते.
- ‘फ्री’ वॉकिंग टूरच्या शेवटी बक्षिशी अपेक्षित असते. माणशी 10 युरो धरून चाला.
- सोमवारी अल्काझार आणि सिनेगॉग बंद असतात.
- जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी खोलीवर आराम करा, संध्याकाळी पुन्हा निघा.

एका दिवसाचा हिशेब (माणशी)

- न्याहारी, कॉफी-टोस्ट : 4 युरो
- मेझकिता : 0 किंवा 13
- अल्काझार : 5
- दुपारचं जेवण : 15
- एकूण : 24 किंवा 37 युरो

म्हणजे गजर सातचा लावला, तर माणशी तेराशे रुपये वाचले. चौघांच्या कुटुंबात रात्रीचं जेवण त्यातच निघतं.