हलव्याचे दागिने आणि कागदाचे पदक

संक्रांत जवळ आली म्हणजे ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या बाजूच्या कित्येक घरांत एक निराळीच सोनारकी सुरू होते. तीत गुंजभरही सोने लागत नाही. पुठ्ठा, सोनेरी कागद, जर, दोरा आणि साखरेचा पांढरा हलवा एवढ्यावर नववधूची नथ, हार, बांगड्या आणि बोरन्हाणाच्या बाळाचा मुकुट तयार होतो. काळ्या वस्त्रावर हा साज किती खुलतो, हे वाचकांनी पाहिलेच असेल.

हलवा करणे हे उतावळ्याचे काम नव्हे. खसखस, तीळ किंवा साबुदाणा परातीत घालून मंद आचेवर ठेवावयाचा, पाक चमचाभरच सोडावयाचा आणि बोटांनी सतत फिरवीत तो दाण्यांवर सुकू द्यावयाचा. एक पुट सुकले की दुसरे. असे दिवसांमागून दिवस चालते, तेव्हा कोठे दाण्यास काटा येतो. पाक अधिक पडला तर दाण्यांचा गोळा होतो. हवा दमट असली तर काटा धरीत नाही. माळ करिताना सुईने भोक पाडू गेल्यास दाणा फुटतो. यास्तव दोऱ्याच्या फासात एकेक दाणा गाठीने धरितात.

पुठ्ठ्यावर नानाविध पदार्थ चिकटवून नवी वस्तू साधणे, यासच कोलाज म्हणतात. शब्द फ्रेंच; अर्थ ‘चिकटविणे’. पिकासो व ब्राक यांनी १९१२ साली ही रीत आपल्या चित्रांत आणिली. आमच्या आजीला तो शब्द ठाऊक नव्हता. खळ मात्र उत्तम करिता येत असे.

संक्रांतीवाचूनही करण्याजोगे एक पदक सांगतो. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तीन सारखे गोल कापून एकावर एक चिकटवावे व रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवावे. दोऱ्यासाठी भोक आताच पाडावे, मागाहून पाडल्यास चित्र फाटते. मग वाण्याच्या पुडीचा कागद, जुने तिकीट, शिंप्याकडील चिंधी, जे हाती येईल त्याचे तुकडे प्रथम नुसते मांडून पाहावे. येथे घाई करू नये. खरी गंमत या मांडामांडीतच आहे. नंतर मैद्याच्या पातळ खळीने ते चिकटवावे. पुरते सुकल्यावर स्पिरिटात विरघळविलेल्या चपड्या लाखेचा हात द्यावा. हे शेवटचे काम वडील माणसांनी, विस्तवापासून दूर करावे.

माझे पहिले पदक मात्र फसले. खळ ओली असतानाच मी वर लाख फिरविली. पदक पापडासारखे वाकले आणि पेनाची शाई पसरली. त्या वेळी मी चाळीस वर्षांचा होतो! शालान्त परीक्षेच्या वर्षी आईने माझी कात्री कपाटात ठेविली होती. तिचा हेतू चांगलाच होता. परीक्षा झाली, नोकरी लागली, लोकलचा प्रवास सुरू झाला, आणि कात्री मागण्याचे मलाच सुचले नाही. बावीस वर्षांनी ती धरिली, तेव्हा साधा गोल कापता येईना.

पालकांपाशी म्हणून एवढेच मागणे आहे, की परीक्षेच्या वर्षीही मुलांच्या हाती रविवारचा एक तास राहू द्यावा. तो तास अभ्यासातून वजा झाला असे समजण्याचे कारण नाही. पुटे अशीच चढतात.

आई आता पंच्याहत्तरीची आहे. तिच्या बोटांना परातीचे चटके सोसवत नाहीत, म्हणून पाक ती सोडते आणि दाणे मी फिरवितो. गेल्या पौषातला आमचा हलवा निम्मा गोळा झाला. उरलेल्या निम्म्याची एक नथ झाली, तीही किंचित वाकडी.