मज्जारोपणानंतर रोग्याची राखण



भाताची लावणी झाली की रोप मुळे धरीपर्यंत आपण बांध सोडीत नाही. रक्ताच्या कर्करोगावर किंवा थॅलॅसेमियावर केलेल्या मज्जारोपणाचेही तसेच आहे. भारतात हा उपचार प्रथम २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. आता तो अहमदाबादेतही होतो.

आधी जबर औषधांनी जुनी मज्जा मोडून काढतात. मग मूळपेशी रक्तासारख्याच शिरेतून देतात. त्या हाडांत रुजून नव्या पांढऱ्या पेशी तयार होईपर्यंत दोन ते चार आठवडे जातात. रोगजंतूंशी प्रथम झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी निरोगी माणसात घनमिलिमीटरला दीड हजारांहून अधिक असतात. या काळात त्या ५०० च्याही खाली जातात. शेताला कुंपणच उरत नाही म्हणा ना.

जंतू बाहेरूनच येतात असे आपण समजतो. पण पुष्कळ वेळा ते रोग्याच्याच तोंडातले व आतड्यातले असतात. औषधांनी तिथले अस्तर सोलवटते आणि ते रक्तात शिरतात. छातीवरच्या नळीतूनही वाट मिळते. म्हणून नळीची जागा कोरडी ठेवावी. दातवण व मिश्री बंद. मऊ ब्रश आणि सांगितलेल्या गुळण्या चालू ठेवाव्यात. जंतू, बुरशी व नागीण यांवरची प्रतिबंधक औषधे डॉक्टर देतात, त्यातला एकही डोस चुकवू नये.

घरी आल्यावर आपल्यासारख्यांच्या घरात खरी अडचण गोठ्याची. शेण, कुजलेला कडबा, ओला पेंढा आणि बांधकामाची धूळ यांत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी असते. तुमच्या-माझ्या छातीला ती सहसा काही करीत नाही, पण या रोग्याच्या फुप्फुसात ती जीवघेणी ठरते. वैरण झाडणे, खत उपसणे ही कामे इतरांनी करावीत, आणि तेच कपडे घालून रोग्याजवळ जाऊ नये. फुलझाडाची कुंडीही खोलीत नको. पाणी उकळलेले, जेवण ताजे व गरम असावे. कच्चे दूध व कोशिंबीर टाळावी.

सर्वांत मोठे औषध म्हणजे साबणाने धुतलेले हात. भेटीस येणाऱ्यांनी, आणि त्यात मीही आलो, सर्दी-खोकला असल्यास दारूनच परतावे. कोणी रागावू नये.

ताप १००.४ अंशांवर गेला किंवा हुडहुडी भरली, तर मध्यरात्र असली तरी त्याच घटकेला रुग्णालयात फोन करून निघावे. पेशीच नसल्याने पू होत नाही, सूज दिसत नाही. ताप ही एकच खूण असते. घरची तापाची गोळी देऊन ती खूण पुसू नका. सकाळपर्यंत थांबलात तर जंतू रक्तात पसरून रोगी हातचा जाऊ शकतो. थर्मामीटर, रुग्णालयाचा क्रमांक आणि गाडीचे पैसे आधीच एका पिशवीत भरून ठेवावेत.

पेशी वाढल्या तरी पहिले शंभर दिवस जपावे लागते. लहानपणीच्या लसींचा जोरही ओसरतो. त्या पुन्हा कधी टोचाव्यात हे डॉक्टर सांगतील. घरच्यांनी मात्र फ्लूची लस लगेच घ्यावी.