क्लच जड झाला म्हणजे प्लेटच गेली का?

प्रश्न : माझी 2004 ची मारुती 800 आहे. एलबीएस मार्गावरच्या गर्दीत क्लच दाबून पाय भरून येतो. रिव्हर्स टाकताना खरखर होते. मेकॅनिक क्लचप्लेट बदलायला सांगतो. बदलू का?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : थांबा, एवढ्यात गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. तुमच्या गाडीचा क्लच केबलवर चालतो. पावसाळ्यात केबलच्या आत पाणी शिरतं, तारा गंजतात आणि पेडल जड होतं. बॉनेट उघडून केबलचं टोक नीट पाहा. एखादी तार जरी सुटून वर आली असेल, तरी केबल आजच बदला. ती भर रस्त्यात तुटते.

इंजिन बंद असताना रिव्हर्स अलगद पडतो आणि चालू असताना खरखरतो? मग क्लच पूर्ण सुटत नाही. केबल ताणली की पेडलची मोकळी चाल वाढते, प्लेट झिजली की ती कमी होते. हा फरक मेकॅनिकला जरूर विचारा.

प्लेटची परीक्षा सपाट, मोकळ्या जागी करा. हँडब्रेक ओढा, चौथा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं, तर प्लेट अजून पकड धरते आहे. चालूच राहिलं, तर मेकॅनिकचं खरं. ही परीक्षा एकदाच करा, पुन्हा पुन्हा केल्यास प्लेट जळते.

केबल नवी घालूनही पेडल जडच राहिलं, तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तपासायला सांगा.