जंगलातील नोकरीची मुलाखत

आपल्या महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा, पेंच अशी मोठी जंगले आहेत. तेथे वाघ राहतात. वाघ किती, हरणे किती, पाणी कोठे आटते, हे पाहून नीट लिहून ठेवणारा माणूस वनखात्याला लागतो. त्याला वन्यजीव शास्त्रज्ञ म्हणतात. हे काम मुलगे करतात, तशा मुलीही करतात.

त्यासाठी प्राण्यांच्या शास्त्राची कॉलेजातली पदवी लागते. मग मुलाखत होते. मुलाखत म्हणजे समोरासमोर विचारपूस. तीन-चार जाणते अधिकारी प्रश्न विचारतात.

ते विचारतात, "वाघ कसे मोजाल?" पूर्वी पायांचे ठसे पाहून मोजत. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावतात. दोन माणसांच्या अंगठ्याचे ठसे सारखे नसतात. तसे दोन वाघांचे पट्टेही सारखे नसतात. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो.

ते विचारतात, "वाघाने गाय मारली. गाव चिडले आहे. काय कराल?" येथे पुस्तक पुरत नाही. आधी त्या घरी जावे. मालकाचे ऐकून घ्यावे. मेलेली गाय हलवू देऊ नये. तिच्यावर विष टाकू देऊ नये. विषाने वाघ मरतो, गिधाडेही मरतात. वनरक्षकाला बोलावून लगेच पंचनामा करवावा, म्हणजे मालकाला भरपाई मागता येते.

उत्तर येत नसेल तर काय करावे? सरळ म्हणावे, "साहेब, हे मला माहीत नाही. शिकून घेईन." थाप मारू नये. जो मुलाखतीत आकडा रचतो, तो जंगलातही रचील. राजस्थानात सरिस्का नावाचे जंगल आहे. तेथे कागदावर वाघ होते. २००५ साली शोध घेतला, तर एकही वाघ उरला नव्हता. शिकाऱ्यांनी ते मारले होते. खोट्या आकड्याने एवढे नुकसान होते.

आपल्या मुलाला किंवा मुलीला असे बोलावणे आले, तर दाखले बरोबर द्या. वेळेआधी पोहोचायला सांगा. अशा जागा पुष्कळदा कराराच्या असतात. नोकरी किती महिन्यांची, पगार किती, हे विचारण्यात लाज नाही. आणि आपल्या रानातले माग, पाणवठे, पाखरे त्यांना आधीच दाखवा. ते ज्ञान तुमच्याजवळ आहे.

प्रश्न
१. वाघ कशावरून ओळखतात?
२. मेलेल्या गाईवर विष का टाकू नये?
३. तुमच्या गावाजवळ कोणते वन्य प्राणी आहेत? त्यांची नावे लिहा.