आजाऱ्याचा निधी : दोघांनी गोळा करावा, तिघांनी वाटावा



आपल्या समाजात कोणी आजारी पडले की शेजारीपाजारी हात आखडता घेत नाहीत. घरी डबे पोचतात, इस्पितळात माणसे धावतात, खिशात असेल ते पुढे केले जाते. परंतु मदत करण्याची इच्छा असणे निराळे आणि ती नीट पोचविणे निराळे. हा धडा आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून त्याचा थोडा अभ्यास आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या गावातील एका 29 वर्षांच्या तरुणाला सकाळी दाढी करताना झटका आला. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला, शब्द फुटेना. आईने वेळ न दवडता 101 वर मागेन दाविद आदोमला फोन केला, म्हणून जीव वाचला. इकडे या आजाराला ‘शवात्स मोखी’ म्हणतात. आपले वडीलधारे अर्धांगवायू म्हणत. हा म्हातारपणाचा आजार अशी समजूत आहे. पण असे झटके येणाऱ्यांपैकी साधारण 10 ते 15 टक्के लोक पन्नाशीच्या आतले असतात. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध बहुधा साडेचार तासांच्या आतच देता येते. तेव्हा “जरा पडून राहा, बरे वाटेल” असे कोणी म्हणू नये.

पहिल्या आठवड्यात आम्ही सिनेगॉगमध्ये आवाहन केले आणि शब्बाथ संपताच पाकिटे येऊ लागली. ज्याला जसे सुचले तसे त्याने दिले. कोणी आईच्या हाती, कोणी भावाच्या, कोणी आमच्यापैकी एकाच्या. चौथ्या महिन्यात खरी अडचण उभी राहिली तेव्हा पाकिटे संपली होती. किती आले आणि कशाला गेले, हे कोणालाच सांगता येईना. कोणी पैसे खाल्ले नव्हते, पण कोणी लिहूनही ठेवले नव्हते. कुजबुज सुरू झाली आणि तिचा चटका बसला तो त्या माउलीला.

कोणी विचारील, इस्राएलमध्ये उपचार तर कुपत खोलीम करते, मग पैसा कशाला? प्रश्न रास्त आहे. 1995 पासून राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा लागू आहे आणि इस्पितळाचा व ‘शिकूम’चा, म्हणजे पुन्हा उभे करण्याच्या उपचारांचा, मुख्य भार त्यातून उचलला जातो. अडते ते घरात.

हिशेब करून पाहू. 1976 च्या कायद्याप्रमाणे कामगाराच्या खात्यावर दर महिन्याला आजारपणाची दीड दिवस रजा जमते, जास्तीत जास्त 90 दिवस. ज्याची नोकरी दोन वर्षांचीच आहे, त्याचे झाले 36 दिवस. त्यातही पहिल्या दिवसाचे काही मिळत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे निम्मेच मिळते. बितुआख लेउमीकडून अपंगत्वाचे मासिक वेतन मिळू शकते, पण त्याचा हक्क कमाईची ताकद गेल्यापासून 90 दिवसांनी सुरू होतो. मधले 54 दिवस घरात पगार नाही आणि वेतनही नाही. मग कागदपत्रे, डॉक्टरांची समिती, यांत आणखी वेळ जातो. घरभाडे मात्र थांबत नाही. टॅक्सीचे भाडे, न्हाणीघरात धरावयाचे दांडे, मंजूर तासांपलीकडे बोलण्याचा सराव करून घेणारी शिक्षिका, हे सारे त्यातच येते. हातापायांत आणि वाचेत सुधारणा होते ती सर्वांत झपाट्याने पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. पुढेही ती होते, पण हळूहळू. नेमक्या याच काळात घर कोलमडले तर सराव सुटतो.

आता आपले शास्त्री काय सांगतात ते पाहू. मिश्नाच्या पेआ या भागात नियम आहे की, त्सेदाकेची पेटी दोघांनी मिळून गोळा करावी आणि तिघांनी मिळून वाटावी. गेमारा त्याचे कारण देते : लोकांकडून पैसा मागणे हा अधिकार आहे, तो एकट्याच्या हाती नसावा, आणि कोणाला किती द्यावे हा न्यायनिवाडा आहे, त्याला तीन न्यायाधीश हवेत. गोळा करणाऱ्या दोघांनी बाजारात एकमेकांपासून दूरही होऊ नये असे सांगितले आहे. ते चोर आहेत म्हणून नव्हे, तर लोकांना संशयाला जागा राहू नये म्हणून. शेमोथच्या 38 व्या अध्यायात मिश्कानासाठी लागलेल्या सोन्याचा हिशेब लिहिला आहे, 29 किक्कार आणि 730 शेकेल. मोशे रब्बेनूच्या काळी हिशेब मांडला गेला, तर आम्ही कोण?

म्हणून आम्ही नव्याने सुरुवात केली. निधीसाठी वेगळे खाते उघडले. दोघांच्या सहीवाचून पैसा निघत नाही. वाटपासाठी तिघे नेमले, त्यांत एक बाई. इस्पितळातील सोशल वर्करला आधी विचारले की सरकारकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही. एकदाच मोठी रक्कम मागण्याऐवजी मुंबईच्या भिशीसारखा महिना बांधला. 50 घरांनी 100 शेकेल दिले तर महिन्याचे 5,000 होतात आणि वर्षाचे 60,000. दर महिन्याला जमाखर्च वाचून दाखवितो, परंतु घरातील खाजगी गोष्टी त्यात येत नाहीत.

आई तरीही घेईना. “दादा, आम्ही आजवर कोणापुढे हात पसरला नाही,” असे ती म्हणाली. आमच्या खजिनदारांनी उत्तर दिले, “वहिनी, दान नको तर उसने म्हणून घ्या. पोरगा उभा राहिला की बघू.” हीसुद्धा त्यांच्या पदरची युक्ती नव्हे. ज्याच्याजवळ नाही आणि जो दान घेत नाही, त्याला कर्ज म्हणून द्यावे, असे गेमाराच सांगते.

पैशाइतकीच गरज माणसांची असते. बिकूर खोलीम करणारा आजाऱ्याच्या दुःखाचा साठावा भाग घेऊन जातो, अशी शिकवण आहे. पण पहिल्या आठवड्यात साठ माणसे आली आणि पुढे कोणीच फिरकले नाही, तर उरलेले दुःख कोण नेणार? आम्ही पाळ्या लावल्या. मंगळवारी एकजण त्याच्याशी मराठीत गप्पा मारी, कारण हिब्रू शब्दांआधी त्याला आईचे शब्द आठवू लागले होते.

राशीने एक दृष्टांत दिला आहे. गाढवाच्या पाठीवरचे ओझे कलू लागले, तर एकटा माणूस ते सावरू शकतो. तेच गाढव खाली पडले, तर पाच जणांनाही उठविता येत नाही. आम्ही ओझे कलताना पाहिले होते, पण हात लावला तो उशिरा.

देवाच्या कृपेने तो तरुण आज काठी टेकून चालतो आणि अर्धा दिवस कामाला जातो. आईने एलियाहू हन्नबीचा नवस फेडला, मलिदा केला. त्या दिवशी तो डाव्या हाताने 100 शेकेलची नोट पुढे करून म्हणाला, “उसन्यातले.” घ्यावी की न घ्यावी, आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग रांबामने सांगितलेली त्सेदाकेची सर्वांत वरची पायरी आठवली, माणसाला पुन्हा कोणाकडे मागावे लागू नये असा उभा करणे. आम्ही नोट घेतली, वहीत लिहिली आणि दोघांनी सह्या केल्या.

आपल्या गावी अशी वही नसेल तर कोणी आजारी पडण्याची वाट पाहू नये. ती आजच घालावी. परमेश्वर सर्व आजाऱ्यांस रफुआ शलेमा देवो. आमेन.